लोखंडी कोंबडी ते लोखंडी मेंढा: रायफल सिल्हूट स्पर्धेत हौशी नेमबाजाने कसं उतरावं

समोर पाच लोखंडी कोंबड्या एका रांगेत उभ्या. तुमच्याकडे पाच गोळ्या आणि अडीच मिनिटं. बसायचं नाही, झोपायचं नाही, कशाला टेकायचं नाही, रायफलीचा पट्टा हाताला गुंडाळायचा नाही. उभ्याने, डावीकडून उजवीकडे, एका कोंबडीला एकच गोळी. पडली तर पडली. चुकली तर तिला तशीच उभी सोडून पुढच्या कोंबडीकडे वळायचं. हे झालं सिल्हूट, म्हणजे लोखंडी छायाकृती गोळीने पाडायचा खेळ.

कागदावर नेमबाजी करणाऱ्याला हे सोपं वाटतं. तिथं दहाचं इवलंसं वर्तुळ शोधावं लागतं, इथं अख्ख्या कोंबडीत कुठंही लागलं तरी चालतं. मग पहिल्या स्पर्धेत चाळीसपैकी सात-आठ पडतात आणि माणूस गप्प होतो. माझे पहिल्या दिवशी सहा पडले होते आणि त्यातला एक मेंढा कसा पडला हे मला आजही कळलेलं नाही.

उभ्याने धरलेली रायफल कधीच स्थिर राहत नाही. तुमची नाही, माझी नाही, जगज्जेत्याचीही नाही. त्याची कमी डोलते, इतकंच. नवखा माणूस ती थांबण्याची वाट बघतो, ती थांबत नाही, हात थकतात, आणि शेवटी घाईघाईने चाप ओढला जातो. डोलत्या रायफलीतून नीट गोळी कशी सोडायची, एवढंच या खेळात शिकायचं आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या तिकडेच जातात.

चार प्राणी, चार अंतरं

हा खेळ मेक्सिकोचा. तिथं एके काळी जिवंत जनावरं लांबवर बांधून नेमबाजीच्या पैजा लागत. १९४८ साली त्यांच्या जागी पोलादी पत्र्याच्या आकृती आल्या आणि आजच्या खेळाचा पाया पडला. साठच्या दशकाच्या अखेरीस तो सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेला, तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनने पुढे त्याचे नियम बांधले. प्राणी मात्र मेक्सिकोचेच राहिले: कोंबडी, हावेलिना नावाचं रानडुकरासारखं जनावर, टर्की हा मोठा पक्षी आणि मेंढा. इंग्रजी बोलणाऱ्या रेंजवरही डुकराला हावेलिनाच म्हणणारे भेटतात.

मोठ्या काडतुसांच्या, म्हणजे हाय पॉवर प्रकारात कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५ आणि मेंढा ५०० मीटरवर असतो. .२२ च्या, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाच्या, स्मॉलबोअर प्रकारात अंतरंही एक पंचमांश आणि आकृतीही एक पंचमांश: ४०, ६०, ७७ आणि १०० मीटर. एअर रायफलमध्ये आकृती एक दशांश मापाच्या, आणि अंतरं २०, ३०, ३६ व ४५ यार्ड. डोळ्याला तिन्हीकडे चित्र साधारण सारखंच दिसतं. वारा आणि धक्का मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा.

पाच आकृत्यांची एक रांग, म्हणजे एक बँक. प्रत्येक प्राण्याच्या दोन बँका मिळून दहा गोळ्या, आणि चार प्राण्यांचा मिळून चाळीस गोळ्यांचा सामना. मोठ्या स्पर्धा ऐंशी किंवा एकशेवीस गोळ्यांच्याही असतात. आकृती पायथ्यावरून पडली पाहिजे. गोळी लागून ती जागच्या जागी गर्रकन फिरली आणि उभीच राहिली, तर टणत्कार कितीही गोड असो, शून्य. क्रम चुकवून भलतीच आकृती पाडली तरी ती पाडल्यात धरत नाहीत.

सुरुवात .२२ नेच करा

हाय पॉवरचा थाट वेगळा आहे हे कबूल. पाचशे मीटरवरचा मेंढा पडतो आणि त्याचा आवाज मागाहून येतो, हा अनुभव एकदा तरी घ्यावा. पण शिकण्यासाठी ती जागा नाही. मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला बसतो, गोळी महाग पडते, दिवसाला शंभर गोळ्या झाडायचं म्हटलं तर शरीर नको म्हणतं, आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना अंग आखडायची सवय लागते. ही सवय लागायला एक दुपार पुरते. मोडायला वर्ष जातं.

.२२ मध्ये धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे चूक लपत नाही. एअर रायफलही उत्तम गुरू आहे. तिची छर्रे सोडण्याची गती कमी, छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, म्हणून चाप ओढल्याबरोबर रायफल हलवायची खोड ती लगेच उघडी पाडते.

शस्त्र विकत घेण्याआधी क्लब शोधा. परवाना, शस्त्राची ने-आण, साठवण यांचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, आणि ते क्लबातल्या जुन्या माणसांना पाठ असतात. शिवाय सिल्हूटवाले उदार असतात. एखाद्या सामन्याला नुसते बघायला जा, आकृत्या उभ्या करायला हात लावा, दुपारपर्यंत कुणीतरी स्वतःची रायफल तुमच्या हातात ठेवून 'मारून बघा पाच' म्हणेल. दोन-तीन वेगवेगळ्या रायफली अशा हाताळल्यावर आपल्याला काय हवं ते आपोआप कळतं.

रायफल आणि स्कोप

सिल्हूटमध्ये ढोबळमानाने दोन गट असतात. स्टँडर्ड रायफल गटात स्कोपसकट, म्हणजे वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीसकट, वजन १० पाउंड २ औंस, म्हणजे साधारण ४.६ किलोपर्यंत चालतं. हंटर गटात रायफल शिकारी बांधणीची हवी. अमेरिकी नियमांत .२२ च्या हंटर रायफलीला साडेआठ पाउंडांची मर्यादा आहे, आणि चाप ओढायला किमान दोन पाउंडांचं, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमचं, बळ लागलं पाहिजे. तुमचा सामना कुणाच्या नियमांनी खेळला जातो ते आधी विचारून घ्या आणि त्या पुस्तकाची ताजी आवृत्ती वाचा.

नवख्याने हंटर गटाची रायफल घ्यावी असं माझं मत. ती स्टँडर्ड गटातही चालते, म्हणजे एकाच रायफलीवर दोन्ही सामने खेळता येतात. बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायची), नीट सुटणारा चाप आणि आपल्या मानेला मानवणारा दस्ता, एवढं पुरे. जर्मन आन्शुट्झ कंपनीची ५४.१८ एमएस ही खास सिल्हूटसाठी केलेली रायफल. नावातलं एमएस म्हणजे मेटॅलिक सिल्हूट. रेंजवर ती बघून जीव खालीवर होतो, पण तुमच्या पहिल्या वर्षातल्या चुकांपैकी फारच थोड्या तिने सुटतील.

पैसा घालायचाच असेल तर स्कोपमध्ये घाला. तीन गोष्टी बघा. एक, उंचीचं बटण हाताने फिरवता येणारं, आकडे स्पष्ट असणारं आणि फिरवून परत आणलं की बरोबर मूळ जागी येणारं हवं. दोन, पॅरलॅक्स जुळवायची सोय ४० मीटर किंवा त्याहून जवळच्या अंतरापर्यंत हवी. नाहीतर डोळा जरा सरकला की स्कोपमधली नेमाची फुली कोंबडीवरून सरकते, आणि दोष आपण हाताला देतो. तीन, मोठेपणा. मुरलेले लोक २० ते २५ पट वापरतात. तुम्ही बारा-सोळापासून सुरू करा. जास्त मोठं केलं की रायफल जास्त डोलत नाही, पण डोलणं जास्त दिसतं, आणि दिसलं की मन घाबरतं.

दस्त्याची उंची अशी हवी की डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले, तर स्कोपमधलं चित्र पूर्ण दिसावं. मान ताणावी लागत असेल तर गालाखाली पट्टी लावून उंची वाढवा. नियमांत बसतं का तेवढं विचारा.

गोळ्या पारखून घ्या

.२२ ची गोळी जलद असली म्हणजे चांगली, हा समज सोडा. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या गोळ्या घ्या, साधारण सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपासच्या. त्या आवाजाच्या वेगाखाली राहतात. जलद गोळ्या वाटेत आवाजाच्या वेगावरून खाली येतात, आणि त्या उंबरठ्यावर अडखळून १०० मीटरवर फाकतात.

प्रत्येक .२२ ची आवड वेगळी असते. चार-पाच प्रकारच्या गोळ्यांची एकेक पेटी घ्या, रायफल पिशवीवर नीट टेकवा आणि कागदावर ५० व १०० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन-तीन झुबके काढा. ५० मीटरवर सगळ्याच शहाण्या दिसतात. खरी परीक्षा १०० वर. जी सर्वांत घट्ट झुबका देईल तिचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, बघा आणि त्याच लॉटच्या जमेल तितक्या पेट्या भरून ठेवा. तोच ब्रँड, दुसरा लॉट, की उंची बदलते.

क्लिकांचं कार्ड

या खेळात नवख्यांचे सर्वांत जास्त गुण इथं वाया जातात, आणि ते वाचवायला कौशल्य लागत नाही, कागद आणि पेन्सिल लागते.

कोन मोजायचं माप म्हणजे मिनिट. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर. बहुतेक स्कोपच्या बटणाचा एक टप्पा, म्हणजे एक क्लिक, पाव मिनिटाचा, म्हणजे १०० मीटरवर सात मिलिमीटरचा. स्टँडर्ड .२२ ची रायफल ४० मीटरच्या कोंबडीला जुळवली असेल, तर तिथून ६० च्या डुकराला सुमारे दोन मिनिटं वर जावं लागतं, ७७ च्या टर्कीला साडेचार-पाच आणि १०० च्या मेंढ्याला नऊच्या आसपास. क्लिकांत सांगायचं तर अंदाजे ९, १९ आणि ३६. हे आकडे फक्त सुरुवातीचे. तुमची गोळी, स्कोपची नळीपासूनची उंची आणि त्या दिवसाचं तापमान यांवर ते हलतात.

कामाची पद्धत अशी. रायफल टेकवून चारही अंतरांवर कागदावर नेम जुळवा आणि आकडे लिहा. मग उभ्याने त्याच चार अंतरांवर दहा-दहा गोळ्या मारा. टेकवून धरलेली आणि हातात धरलेली रायफल वेगळ्या तऱ्हेने उसळते, म्हणून उभ्याचा झुबका बरेचदा थोडा वर किंवा बाजूला सरकतो. कार्डावर कायमचे जातील ते उभ्याचे आकडे. कार्ड लॅमिनेट करून दस्त्याला चिकटवा.

आता चुकलात तर काय होतं बघा. कोंबडीच्या आकड्यावर राहून मेंढ्यावर गोळी मारली तर ती पाव मीटर खाली जाते. एक पंचमांश मापाचा मेंढा काही तेवढा उंच नसतो. पाचही गोळ्या मातीत. माझ्याकडून याहून मोठा गाढवपणा घडला आहे. मेंढ्यावरून कोंबडीकडे येताना मी बटण एक पूर्ण फेरी कमी फिरवलं. आकडा बरोबर शून्यावर होता आणि रायफल मात्र आकाशात मारत होती. तेव्हापासून बटणावर फेऱ्यांची खूण आहे, आणि गोळी भरण्याआधी प्राण्याचं नाव आणि आकडा मी ओठांतल्या ओठांत म्हणतो. शेजाऱ्याला ते मंत्र पुटपुटल्यासारखं वाटतं. वाटू दे.

उभं कसं राहायचं

खालचं वर्णन उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

टार्गेटकडे तोंड करून उभं राहू नका. डावी कूस टार्गेटकडे, पाय खांद्याइतके रुंद, दोन्ही पावलांची बोटं जवळजवळ काटकोनात. गुडघे सरळ, पण कडक लावलेले नाहीत. डावं कोपर बरगड्यांवर किंवा कमरेच्या हाडावर टेकवा. रायफलीचं वजन स्नायूंनी उचलायचं नाही. ते तळहातातून कोपरात, कोपरातून कमरेच्या हाडात आणि तिथून पायांत उतरू द्यायचं. त्यासाठी कंबर थोडी टार्गेटच्या दिशेने पुढे आणि पाठ किंचित मागे व उजवीकडे कलती होते. आरशात हे विचित्र दिसतं. रायफलीचं वजन पुढे ओढत असतं, त्याला तोल देणारा हा कल आहे.

डावा हात चापाच्या कड्याजवळ, दस्त्याच्या खाली असतो. कुणी मूठ लावतं, कुणी बोटांची टोकं, कुणी अंगठा आणि दोन बोटं. हात आखूड असतील तर मुठीऐवजी बोटांवर धरल्याने रायफल डोळ्याच्या उंचीला येते. वाऱ्यात काही जण हात पुढे नेऊन लाकूड धरतात. त्यात स्थैर्य कमी, पण ताबा जास्त. जाड पट्ट्यापट्ट्यांचं शूटिंग जाकीट इथं चालत नाही, साधे कपडे घालायचे. त्यामुळे पाठीला बाहेरून आधार मिळत नाही, आणि हाडांची ही रचना म्हणूनच महत्त्वाची.

आता नैसर्गिक नेम. जागा घ्या, रायफल टार्गेटवर आणा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. फुली कोंबडीच्या उजवीकडे गेली असेल तर हातांनी तिला ओढून आणू नका. उजवा पाऊल थोडा हलवा आणि पुन्हा डोळे मिटून बघा. हातांनी ओढून आणलेली रायफल चाप सुटण्याच्या क्षणी परत आपल्या मूळ जागी पळते, आणि गोळीही तिकडेच जाते. पाच आकृत्या रांगेत असल्यामुळे प्रत्येक गोळीनंतर डाव्या टाचेवर किंवा उजव्या पंजावर तीळभर फिरावं लागतं. ज्यांचा पहिला आणि पाचवा प्राणी नेहमी चुकतो, त्यांनी हात सोडून पाय तपासावेत.

नेम धरायचा तो धडाच्या मधोमध. टर्कीचं धड वरच्या भागात असतं आणि खाली काडीसारखे पाय. फुली नकळत आकृतीच्या मध्यावर, म्हणजे पायांजवळ उतरते. मेंढ्याच्या पोटाखाली पायांमध्ये मोकळी जागा आहे आणि तिथून गेलेल्या गोळीला कुणी गुण देत नाही. चौघांत टर्की सर्वांत त्रासदायक असं बहुतेक नेमबाज सांगतात, आणि माझं कार्डही तेच सांगतं.

डोलत्या नेमातून चाप

रायफल खांद्याला लावल्यावर फुली आधी मोठमोठे झोके घेते, मग दोन-तीन सेकंदांत झोके लहान होतात, काही सेकंद लहानच राहतात आणि मग हातांना थकवा आला की पुन्हा वाढतात. गोळी सुटायची ती त्या मधल्या शांत खिडकीत. आठ-दहा सेकंदांत ती सुटली नाही, तर रायफल खाली घ्या. बोट चापावरून काढा, एक श्वास घ्या, पुन्हा वर करा. पाच गोळ्यांना दीडशे सेकंद म्हणजे गोळीला तीस सेकंद. प्रत्येक गोळीला एकदा खाली घेऊनही वेळ पुरतो. हे घड्याळ लावून घरी तपासा, म्हणजे सामन्यात घाई वाटणार नाही.

फुली धडावरून जाते त्या क्षणी चाप खेचायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने कधीकधी आकृती पडतेही, म्हणून तो मोह जास्त वाईट. डोळ्याने बघून बोटाला सांगेपर्यंत फुली पुढे गेलेली असते आणि झटक्याने रायफलही हलते. त्याऐवजी खिडकी सुरू होताच चापावर अर्ध्याहून जास्त दाब आधीच भरून ठेवा आणि झोके धडाच्या आत राहत असतील तोवर उरलेला दाब हळूहळू वाढवत राहा. झोका बाहेर गेला तर दाब आहे तिथं थांबवा, आत आला की पुढे चालू. काही महिन्यांनी बोट हे तुम्हाला न विचारता करायला लागतं. तो दिवस आला की गुण एकदम वाढतात.

चाप सुटल्यावर रायफल तशीच ठेवा, एक-दीड सेकंद. .२२ च्या गोळीला १०० मीटरला पोचायला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. डोकं वर काढून 'पडला का?' बघण्याची घाई झाली, की पुढच्या गोळीला ते डोकं थोडं आधी उठतं, आणि मग त्याहून आधी. आणि प्रत्येक गोळीनंतर, आवाज येण्याआधी, स्वतःशी म्हणा: फुली कुठं होती? 'धडाच्या आत, तीन वाजता', म्हणजे घड्याळात तीनचा आकडा असतो त्या बाजूला. याला शॉट कॉल करणं म्हणतात. कॉल आणि गोळी जुळत असतील तर रायफल ठीक आहे, हात सुधारा. कॉल मधोमध आणि गोळी दरवेळी खाली, तर क्लिक तपासा.

घरातला कोरडा सराव

रोज पंधरा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता चाप ओढण्याचा सराव, आणि महिन्यातून दोनदा रेंज: हा हिशेब उलटा करणारा नेमबाज मी अजून पुढे गेलेला पाहिला नाही.

रायफल रिकामी, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) बोटाने चाचपून तपासलेलं, आणि गोळ्या त्या खोलीतच नाहीत, दुसऱ्या खोलीत कुलपात. दिशा अशी की त्या भिंतीपलीकडे कुणी नसेल. .२२ ची पिन रिकाम्या चेंबरच्या काठावर आपटून काठ खराब होऊ शकतो, म्हणून वापरलेली पुंगळी किंवा स्नॅप कॅप हे प्लास्टिकचं नकली काडतूस घाला. ४० मीटरवरच्या कोंबडीचं धड पाच मीटरवर साधारण सात-आठ मिलिमीटरच्या ठिपक्याएवढं दिसतं. भिंतीवर तेवढे पाच ठिपके ओळीने काढा. स्कोप इतक्या जवळ स्पष्ट होत नसेल तर नळीच्या रेषेवरून बघून नुसत्या चापाचा सराव करा.

पंधरा मिनिटांत पंचवीस-तीस खऱ्या गोळ्यांसारखे चाप पुरेत. हात थकल्यावर सराव थांबवा. थकलेल्या हाताने केलेला सराव चुकीच्याच गोष्टी पक्क्या करतो.

वारा

स्मॉलबोअरमध्ये वाऱ्याला फार घाबरू नका आणि फार हलकंही घेऊ नका. आडवा वारा ताशी १५-१६ किलोमीटर असेल तर १०० मीटरवर गोळी दहाएक सेंटीमीटर सरकते. म्हणजे धडाच्या मध्यावर धरलेला नेम मेंढ्याच्या कडेवर किंवा बाहेर. तोच वारा ४० मीटरच्या कोंबडीवर गोळीला दीड-दोन सेंटीमीटर हलवतो. म्हणून कोंबडीला वारा विसरा, मेंढ्याला नक्की बघा.

झेंडे, गवत, आणि उन्हात स्कोपमधून दिसणारी तापलेल्या हवेची लहर. लहर उजवीकडून डावीकडे वाहताना दिसली तर वारा तिकडूनच. नवख्याने वाऱ्यासाठी बटण फिरवू नये, नेम सरकवावा: उजवीकडून वारा असेल तर धडाची उजवी बाजू. खरा त्रास गोळी सरकण्याने कमी आणि शरीर हलण्याने जास्त होतो. झुळूक आली की रायफल खाली घ्या. ती बहुतेक वेळा दहा सेकंदांत ओसरते.

स्पॉटर

सिल्हूटमध्ये नेमबाजाच्या मागे स्पॉटिंग स्कोप लावून एक जण उभा राहू शकतो आणि गोळी कुठं गेली ते सांगू शकतो. ही सवलत भरपूर वापरा. आधी भाषा ठरवा: घड्याळाचे काटे आणि अंतर. 'खाली, सहा वाजता, अर्धं धड.' एवढंच. 'अरेरे, थोडक्यात चुकलं' हे स्पॉटरने मनात म्हणावं. त्याने उरलेला वेळही सांगावा: एक मिनिट, तीस सेकंद. चांगला स्पॉटर एका सामन्यात तीन-चार आकृत्या जास्त पाडून देतो. तुम्हीही दुसऱ्यांसाठी स्पॉटिंग करा. त्यांच्या मागे उभं राहून वारा वाचायला जितकं शिकायला मिळतं, तितकं स्वतः मारताना मिळत नाही.

सामन्याचा दिवस

कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण, चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी खूण), कार्ड, ठरलेल्या लॉटच्या गोळ्या गरजेच्या दीडपट, पाणी, टोपी. खाण्याआधी हात साबणाने धुवा; .२२ ची गोळी शिशाची असते.

नोंदणीत नवखे आहात हे मोकळेपणाने सांगा. तुम्हाला एखाद्या जुन्या माणसाशेजारी उभं करतील. प्रत्येक गट वेगळ्या प्राण्यापासून सुरू होतो, त्यामुळे पहिल्याच बँकेला टर्की वाट्याला आली तर नशिबाला दोष देऊ नका. तिचा आकडा बटणावर आहे की नाही ते बघा. सरावाच्या गोळ्या कधी आणि कुठं मारता येतील तेही आधीच विचारून घ्या.

आदेश साधे असतात: लोड, रेडी, फायर, आणि शेवटी सीझ फायर. लोडच्या आधी गोळी भरायची नाही. रेडीपर्यंत पाय लावून, नैसर्गिक नेम तपासून, पहिल्या आकृतीवर तयार राहा. अडीच मिनिटं फायरपासून मोजतात. गोळी उडालीच नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि मगच बोल्ट उघडा. कधीकधी गोळी उशिरा उडते. सीझ फायर म्हणजे लगेच: बोल्ट उघडा, फ्लॅग लावा, रायफल रॅकवर ठेवा आणि मागे सरका. माणसं आकृत्या उभ्या करायला पुढे गेली असताना रायफलीला हात लावणं, अगदी स्कोपची काच पुसायलासुद्धा, हा असा अपराध आहे ज्यासाठी तुम्हाला थेट घरी पाठवतील, आणि ते योग्यच आहे.

पहिल्या दोन बँकांत हृदय कानांत वाजेल. त्याचं काही करता येत नाही. पहिली गोळी मुद्दाम हळू मारा. चुकली तर ती गेली. चुकलेल्या आकृतीकडे स्कोपमधून बघत बसू नका, ती उभीच राहणार आहे. नवख्याच्या पत्रकावर शून्यं एकेकटी येत नाहीत, तीन-तीनच्या झुंडीने येतात, आणि झुंडीतली दुसरी-तिसरी गोळी पहिलीच्या रागात मारलेली असते.

गुणपत्रकावर पाडलेल्या आकृतीला फुली, चुकलेल्याला शून्य. अमेरिकी पद्धतीत सरासरीवरून वर्ग ठरतात: बी, ए, डबल ए, ट्रिपल ए आणि मास्टर. स्पर्धा वर्गावर्गात होते, म्हणजे तुम्ही मास्टरशी नाही, तुमच्यासारख्याच डोलणाऱ्यांशी खेळता. बरोबरी झाली तर शूटऑफ, म्हणजे निकालासाठी पुन्हा गोळ्या मारायच्या. तिथं सगळे मागे उभं राहून बघत असतात, आणि एरवी चाळीसपैकी तीस पाडणारा माणूसही एका डुकराला तीनदा चुकवतो.

हाय पॉवरकडे कधी वळावं

.२२ मध्ये चाळीसपैकी पंचवीस नियमित पडायला लागले की. तिथं किमान ६ मिलिमीटर व्यासाचं काडतूस लागतं, आणि चिलखत भेदणारी किंवा पोलादी गाभ्याची गोळी चालत नाही, कारण ती आकृतीला खड्डे पाडते. ५०० मीटरचा मेंढा पुरेशा जोराने ढकलला नाही तर नुसता वाजून उभा राहतो. म्हणून ७ मिमी-०८ सारखी, धक्का माफक पण गोळी जड असणारी काडतुसं इथं वर्षानुवर्षं लोकप्रिय आहेत. ज्यांना धक्का आणखी कमी हवा ते ६.५ मिलिमीटरच्या काडतुसांकडे वळतात.

सामना संपला की आकृत्या उचलून, रंग उडालेल्यांना रंग मारून ठेवायच्या असतात. थांबा त्यासाठी. प्रत्येक आकृतीवर गोळीचे ठसे दिसतात. तुमच्या रांगेतल्या पडलेल्या आकृत्यांवरचे ठसे नीट बघा, धडाच्या कुठल्या बाजूला गर्दी आहे ते वहीत लिहा, आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्या नोंदीपासून करा.